लेकराला 'नाही' म्हणताना

बाजारात लेकराने खेळण्यासाठी हट्ट धरला तर काय करावे, हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर लेख असताना दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या रडण्यावर पाने कशाला खर्च करावीत, असेही काही सभासदांना वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात विहारातील कार्यक्रम संपल्यावर चहा घेत बसलो असताना एक तरुण सभासद म्हणाले, "काका, पोराला घेऊन बाजारात जायचीच भीती वाटायली. दुकानासमोर फतकल मारून बसतंय. चार लोक बघायलेत म्हणून घेऊन द्यावंच लागतं." त्यांचे ऐकून शेजारच्या आणखी तिघांनी आपापली हकिकत सांगितली. तेव्हा लक्षात आले की, घरोघरी मातीच्याच चुली आहेत. फक्त त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून आहे. नोकरीची काही वर्षे लातूरला आणि काही नांदेडला गेली. काउंटरवर बसून लोकांना 'नाही' म्हणण्याचे काम वीस वर्षांहून अधिक काळ करीत आहे आणि घरी एक मुलगी वाढवताना या बाबतीत चुकाही केल्या आहेत. त्यांतील एक चूक तर अशी की, आजही आठवली म्हणजे पोटात गोळा येतो. ती पुढे सांगणारच आहे. आरंभी हट्ट म्हणजे काय ते पाहू.

हट्ट म्हणजे खोड नव्हे

दीड ते चार वर्षे हे हट्टाचे वय. या वयात मुलाला 'मला पाहिजे' हे पूर्ण कळते, पण 'थोडे थांबू' हे जमत नाही. इच्छेला लगाम घालण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते आणि त्या भागाची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. मग अडीच वर्षांच्या लेकराकडून आपण कोणत्या संयमाची अपेक्षा करतो? त्यातच त्याची भाषा तोकडी असते. 'पगार झाल्यावर', 'पुढच्या महिन्यात' हे शब्द त्याच्या कानावर पडतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. त्याच्याजवळ फक्त 'आत्ता' असते. म्हणून ते रडते. ते आपल्याला छळण्यासाठी रडत नाही. त्या क्षणी त्याला खरोखरच दुःख झालेले असते. ही गोष्ट मनाशी पक्की केली की आपला निम्मा राग तिथेच ओसरतो.

दुसरी गोष्ट बाजाराची. खेळणी विकणारा आपल्यापेक्षा हुशार असतो. नांदेडला वजिराबादेत फिरा किंवा गुरुद्वारा परिसरातील दुकानांसमोरून जा; मोटारी, बाहुल्या, पिस्तुले लेकराच्या नजरेच्या उंचीवर मांडलेली दिसतील. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो, लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा असो, की दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेला भरणारी धम्म परिषद असो, पुस्तकांच्या आणि मूर्तींच्या दुकानांबरोबर फुगे आणि खेळण्यांची दुकाने लागतातच. आता मोठ्या शहरी दुकानांत तर बिल करण्याच्या टेबलाशेजारीच चॉकलेट आणि छोटी खेळणी ठेवतात. रांगेत उभे असलेले आई-बाप तिथून हलू शकत नाहीत, हे दुकानदाराला ठाऊक असते. लहान मुलांना लालूच दाखवणे योग्य नाही, असे मानून स्वीडन देशाने १९९१ साली बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या दूरदर्शनवरील जाहिरातींवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र हा बंधारा आई-बापांनाच घालावा लागतो.

आपलेच जुने दुखणे

आता थोडे आपल्याविषयी. 'नाही' हा शब्द आपल्याला इतका जड का जातो? माझ्या मते याचे कारण लेकरात नसून आपल्यात आहे.

माझे वडील सालगडी होते. एका वर्षी ते मला खांद्यावर बसवून माळेगावच्या यात्रेला घेऊन गेले. तिथे चावी दिली की चालणारी पत्र्याची मोटार मी पाहिली आणि तिथेच लोळण घेतली. वडिलांनी मला मारले नाही. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, कोपरीच्या खिशातून सगळी नाणी काढली आणि तळहातावर मांडून म्हणाले, "हे एस.टी.चे. हे मिठाचे. हे तुझ्या मायच्या गोळ्यांचे. आता उरले किती ते तूच बघ." दहा पैशांचे एक नाणे उरले होते. त्याची त्यांनी रेवडी घेतली आणि निम्मी मला दिली. मी आणखी थोडा वेळ रडलो असेन. पण वडिलांचा राग मात्र आला नाही, हे नक्की.

आमच्या पिढीतील अनेकांच्या गाठीला अशी एखादी पत्र्याची मोटार आहे. पुढे आम्ही शिकलो, नोकऱ्या लागल्या, पगार सुरू झाला. 'आपल्याला मिळाले नाही ते लेकराला मिळाले पाहिजे' असे प्रत्येकाने मनाशी ठरवले. ही भावना वाईट कशी म्हणावी? शिक्षणाच्या बाबतीत तर या भावनेनेच आपली घरे उभी केली. पण तीच भावना घेऊन खेळण्याच्या दुकानात शिरलो की घोटाळा होतो. तिथे आपण समोरच्या लेकरासाठी खरेदी करीत नाही. आपण आपल्यातल्या जुन्या लेकरासाठी खरेदी करतो. माझ्या मुलीला दोन वर्षांची होईपर्यंत मी इतकी खेळणी आणली की लोखंडी कपाटाचा एक कप्पा भरला. आणि ती खेळायची कशाशी? स्वयंपाकघरातील वाट्या, झारा आणि डाळीच्या रिकाम्या डब्याशी.

बँकेच्या माणसाला हिशेब सुटत नाही. आठवड्याला ५० रुपयांचे एक खेळणे म्हटले तरी वर्षाला २,६०० रुपये होतात. यातील बरीचशी खेळणी चार दिवसांत मोडतात. तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत गेली तर शाळाप्रवेशाच्या वेळी हाताशी येते. परंतु पैशाचा मुद्दा मी दुय्यम मानतो. मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला लातूरच्या गोलाईने शिकवला.

गोलाईतील दहा मिनिटे

लातूरची गंजगोलाई सर्वांना परिचित आहे. १९१७ साली वसवलेली ही बाजारपेठ वर्तुळाकार आहे. मध्यभागी जगदंबेचे मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. कुठे कापड, कुठे सराफा, कुठे भांडी, कुठे मिरची-मसाला अशी व्यापाराची वाटणी. दिवाळीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. पत्नी कापडाच्या दुकानात होती आणि मी मुलीला घेऊन बाहेर उभा होतो. हातगाड्यावर दिवे लागणारी मोटार दिसली आणि हट्ट सुरू झाला. मी आधी म्हणालो, "ते दुकान बंद आहे." गाडेवाला तर समोरच ओरडून विकत होता. मग म्हणालो, "उद्या घेऊ." मग म्हणालो, "ते बघ, पोलीसकाका येतील." तिने जमिनीवर बसकण मारली. येणारे-जाणारे बघू लागले. एक बाई जाता जाता म्हणाल्या, "घ्या की ओ, लेकरू रडायलंय." मला लाज वाटली आणि लाजेतून राग आला. मी म्हणालो, "बस तू इथंच. मी चाललो." आणि आठ-दहा पावले चालून एका उभ्या टेंपोमागे लपलो.

सर्वच आई-बाप असे करतात. लेकरू घाबरून मागे धावत येते, अशी आपली खात्री असते. मी डोके बाहेर काढून पाहिले तर जागा रिकामी होती.

सोळा रस्ते आणि त्यांतील एकेका रस्त्यावर शेकडो माणसे. मी कोणत्या रस्त्याने धावलो ते आज सांगता येणार नाही. पत्नीला सांगायचे धैर्य झाले नाही. सुमारे दहा मिनिटांनी एका बांगड्या विकणाऱ्या आजीच्या मांडीवर मुलगी दिसली. आजी तिला पाणी पाजत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "तुमचंच का ओ लेकरू? पप्पा गेले म्हणून हुडकायला निघालं होतं." मी झालेला प्रकार सांगितला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "असं नाटक करू नका भाऊ. लेकराला नाटक कळत न्हाई."

मुलगी सापडली, पण प्रकरण तिथे संपले नाही. पुढचे दोन-अडीच महिने मी बँकेत निघालो की ती दाराशी आडवी पडायची. 'संध्याकाळी येतो' म्हटले तर तिला पटायचे नाही. का पटावे? मी 'चाललो' म्हणालो होतो आणि माझ्या सोयीसाठी खरोखरच दिसेनासा झालो होतो. आता 'येतो' हा माझा शब्द तिने कशाच्या आधारावर मानायचा?

खोटे 'नाही'

त्या दिवसांत मी स्वतःचेच बोलणे तपासू लागलो. लेकरांना आपण 'नाही' म्हणतच नाही; आपण 'नाही'च्या जागी काहीतरी खोटे ठेवतो. 'दुकान बंद आहे', 'उद्या घेऊ', 'मोटार मोडकी आहे', 'पोलीस पकडून नेईल', 'बागुलबुवा येईल', 'मी सोडून जातो'. यांतील एकही वाक्य खरे नसते.

बँकेत आम्ही रोज एक गोष्ट अनुभवतो. ग्राहकाला 'तुमचे कर्ज या नियमात बसत नाही' असे स्पष्ट सांगितले तर तो नाराज होतो, पण निघून जातो आणि दुसरा मार्ग शोधतो. त्यालाच 'उद्या या', 'सोमवारी या', 'साहेब रजेवर आहेत' असे सांगत राहिले तर तो एक दिवस काउंटरवर येऊन भांडतो, आणि त्याचे भांडणे रास्त असते. मोठ्या माणसाला 'नाही'चा जेवढा राग येतो त्यापेक्षा झुलवत ठेवण्याचा अधिक येतो. मग लेकराला वेगळा न्याय कसा?

पंचशीलातील चौथे शील आपण सर्वजण घेतो. मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध राहुलला भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवतात, मग ते फेकून देतात, भांडे पालथे करतात आणि पुन्हा सुलटे करून रिकामे भांडे दाखवतात. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे जीवन या भांड्यासारखे असते, असा त्याचा आशय. आणि शेवटी सांगणे हे की, थट्टेतही खोटे बोलू नये. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे धम्मपाठ नमूद केले, त्यांत खोटे बोलण्याविषयीचा हा राहुलोवादही आहे. मला यात एक गोष्ट विशेष वाटते. हा उपदेश एका पित्याने आपल्या मुलाला केलेला आहे. आपण तो उलटा करतो. जगाशी शक्यतो खरे बोलतो, आणि खोटे बोलण्याचा सराव घरातील सर्वांत लहान माणसावर करतो.

आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांच्या संयमाचे प्रयोग सुरू केले होते. मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि सांगायचे, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जे थांबते ते संयमी, असा अर्थ अनेक वर्षे लावला गेला. २०१३ साली रोचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी त्यात एक भर टाकली. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांचे त्यांनी दोन गट केले. मिठाईपूर्वी दोन्ही गटांना चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे वचन दिले. एका गटाला वचनाप्रमाणे आणून दिले. दुसऱ्या गटाला 'माफ करा, शिल्लक नाही' असे सांगितले. त्यानंतर मिठाईचा प्रयोग केला. ज्या मुलांना वचन पाळल्याचा अनुभव होता ती सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना फसवले गेले होते ती सरासरी तीन मिनिटेच थांबली. म्हणजे संयम केवळ मुलाच्या अंगी असतो असे नाही. समोरच्या माणसाचा शब्द किती पक्का आहे यावरही तो अवलंबून असतो. ज्याला पूर्वी 'उद्या' मिळालेच नाही, त्याने 'आत्ता'चा हट्ट धरणे ही त्याची समजूतच म्हटली पाहिजे.

अर्धे 'नाही'

खोट्या 'नाही'चा एक सख्खा भाऊ आहे, तो म्हणजे अर्धे 'नाही'. पाच वेळा नाही म्हणायचे आणि सहाव्या वेळी लेकराचा आवाज चढला की घेऊन द्यायचे. आपल्याला वाटते कटकट मिटली. पण लेकरू काय शिकले? 'नाही' म्हणजे अजून पुरेसे रडलो नाही. प्राण्यांवरील प्रयोगांतून बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ज्या कृतीचे फळ कधी मिळते आणि कधी मिळत नाही ती सवय सर्वांत चिवट असते. जुगारी माणूस याच कारणाने उठत नाही. बाजारात आपण नकळत लेकराला हाच धडा देतो.

म्हणून घेऊन द्यायचेच असेल तर पहिल्याच वेळी आनंदाने द्यावे. नाही म्हटले तर मग नाहीच.

'नाही' म्हणण्याची रीत

पुढील गोष्टी मी आधी माझ्या मुलीबरोबर चुकत-माकत आणि नंतर भाच्याबरोबर थोड्या शहाणपणाने करून पाहिल्या. सभासदांनी आपापल्या घराप्रमाणे त्यात बदल करावा.

१. घरातून निघण्यापूर्वी सांगावे. "आपण तेल, साबण आणि आज्जीच्या गोळ्या आणायला चाललो. आज खेळणं घ्यायचं नाही. बघायचं मात्र." दुकानासमोर गेल्यावर नियम सांगितला तर तो लेकराला अन्याय वाटतो.

२. पोट भरलेले आणि झोप झालेली असावी. भुकेले लेकरू भर उन्हात दोन तास फिरवले तर ते रडणारच. त्या रडण्याचे खरे कारण खेळणे नसते.

३. लेकराला काम द्यावे. कोथिंबिरीची जुडी धरणे, पिशवीत बटाटे टाकणे, यादीतील वस्तू आठवण करून देणे. ज्याच्या हाती काम असते त्याची नजर कमी भटकते.

४. इच्छा मान्य करावी, वस्तू नाही. "लाल मोटार तुला लई आवडली ना? छानच आहे. आज घ्यायची नाही." 'काय फालतू आहे ते' असे म्हणू नये. लेकराची आवड फालतू ठरवली की ते दुप्पट दुखावते.

५. त्याच्यासमोर खाली बसून, थोडक्या शब्दांत, एकदाच सांगावे. भाषण करू नये. अडीच वर्षांच्या लेकराला महागाई समजावून सांगण्यात अर्थ नाही.

६. तरीही रडले तर उचलून गर्दीच्या बाजूला न्यावे आणि जवळच थांबावे. मारू नये, धमकी देऊ नये, सोडून जाण्याचे नाटक तर मुळीच करू नये. हे रडणे आपल्याला तासभराचे वाटते, पण तसे नसते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की, लहान मुलांच्या अशा आकांतांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच मिनिटांच्या आत संपतात. पाच मिनिटे आपण शांत राहायचे, एवढेच काम आहे.

७. बघणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. पुष्कळदा आपण लेकराच्या रडण्याने नव्हे तर लोकांच्या नजरेने हरतो. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तेच चालू असते.

८. घरातील सर्वांचे एकमत असावे. बाप नाही म्हणतो आणि मामा मागच्या दाराने आणून देतो, किंवा आई नाही म्हणते आणि आज्जी पदराच्या गाठीची नोट सोडते, असे झाले तर 'नाही'ला किंमत राहत नाही. आज्जी-आजोबांना दुखवू नये. पण 'तुमच्या हातून वाढदिवसाला द्या' असे आधीच विनवावे.

९. रडणे थांबल्यावर विषय संपवावा. घरी आल्यावर चारचौघांत 'आज बाजारात याने काय तमाशा केला' हे पुन्हा पुन्हा सांगू नये. लेकरू ऐकत असते.

'हो'सुद्धा तितकेच पक्के

यावरून कोणी असे समजू नये की लेकराला खेळणी देऊच नयेत. खेळ हे बालपणाचे अन्न आहे. भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ही गोष्ट आपल्याकडे रुजवली. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ होत्या. हे काम १९५७ साली आदिवासी भागातील कोसबाडला गेले. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांपासून शिकण्याची आणि खेळण्याची साधने केली. अरविंद गुप्ता यांनी तर आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्हट्यूब, जुनी वर्तमानपत्रे अशा टाकाऊ वस्तूंची खेळणी देशभरातील मुलांपर्यंत नेली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी, पोळ्याचे मातीचे बैल, चिंचोके, गजगे होतेच. धांड्याची गाडी बापाने लेकरासमोर बसून केली तर तिची सर विकतच्या मोटारीला येत नाही. कारण तिच्याबरोबर बापाचा अर्धा तासही मिळतो.

विकत घ्यायचे असेल तर दिवस ठरवून घ्यावे. आमच्या घरी वाढदिवस आणि चौदा एप्रिल असे दोन दिवस ठरले. कॅलेंडरवर त्या तारखांना मुलीने लाल गोल काढला. त्या दिवशी कितीही काम असले तरी बाजारात जायचेच, हा नियम मी पाळला. 'नाही' जितके पक्के तितकेच 'हो'ही पक्के असले पाहिजे. अन्यथा सगळा खटाटोप व्यर्थ.

घेताना खेळणे पारखून घ्यावे. खेळण्यांच्या गुणवत्तेसंबंधी केंद्र सरकारचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला असून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील लेकराच्या हाती सुटे बारीक भाग असलेले खेळणे देऊ नये. दिवे लागणाऱ्या स्वस्त खेळण्यात गुंडीच्या आकाराची बॅटरी असते. ती गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांतच भाजते. अशी शंका आली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. या बाबतीत 'नाही' म्हणताना मनात किंचितही संकोच नको.

खरोखरच पैसे नसतील तर

शेवटचा मुद्दा आपल्या सर्व सभासदांचा आहे. सर्वांचीच नोकरी नाही. काहींची रोजंदारी आहे, काहींचे दुकान चालते-चालत नाही. त्यांना 'नाही' म्हणताना कमीपणा वाटतो आणि म्हणून ते एकतर उधारीने घेतात किंवा खोटी कारणे देतात. त्यांना मी नम्रपणे सांगेन की, 'आज आपल्याजवळ एवढे पैसे नाहीत' हे वाक्य लाजिरवाणे नाही. खरे असेल तर ते अवश्य म्हणावे. मात्र खिशात पैसे असताना ते म्हणू नये. कारण लेकरू थोड्याच वेळात आपल्याला दुसरी वस्तू घेताना पाहते. पैसे असतील आणि घ्यायचे नसेल, तर 'घ्यायचे नाही' एवढेच म्हणावे. तेही खरेच आहे.

माझे वडील शाळेत गेले नव्हते. त्यांच्याजवळ द्यायला काही नव्हते, म्हणून त्यांनी नाणी मांडून खरे सांगितले. माझ्याजवळ पगार होता आणि पदवी होती, तरी मी टेंपोमागे लपलो. दोघांनीही लेकराला 'नाही'च म्हटले. पण त्यांचे 'नाही' आयुष्यभर पुरले आणि माझे 'नाही' निस्तरायला मला काही महिने लागले.

माझी मुलगी आता दहावीत आहे. पुढे लातूरला राहून शिकायचे, तिथल्या शिकवण्या लावायच्या, असे तिच्या मनात आहे. परवा जेवताना तिने विचारले, "पप्पा, खरं सांगा, परवडेल का?" मी पगाराची पावती आणि एक कोरा कागद घेतला. घरभाडे, तिच्या आज्जीची औषधे, कर्जाचा हप्ता असे सगळे तिच्यासमोर मांडले. कोणती शिकवणी जमेल आणि कोणती जमणार नाही, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. एका गोष्टीला 'नाही' म्हणावे लागले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ठीक आहे. मग ते सोडून बाकीचं बघू."

आई-बापांना लेकराशी पुढे कितीतरी मोठ्या गोष्टी बोलायच्या असतात. शिक्षण, पैसा, संगत, लग्न. त्या वेळी आपला शब्द त्याने मानावा असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात दोन वर्षांच्या वयात, खेळण्याच्या दुकानासमोरच करावी लागते. पुढच्या वेळी लेकरू तिथे बसकण मारील तेव्हा सभासदांनी खाली बसावे, त्याच्या डोळ्यांत पाहावे आणि जे खरे असेल तेच सांगावे, एवढीच या निमित्ताने विनंती.